पाटकऱ्याचं धोतर

माझ्या सासऱ्यांचं नाव धनीराम. पण गावात त्यांना नावानं हाक मारणारे दोन-चारच. बाकी सगळ्यांचे ते पाटकरी. आमचा तलाव मालगुजारांच्या वेळचा. त्याचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं आणि कधी थांबवायचं, हे मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकतीस वर्षं पाहिलं.

तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, एक दगडी मोरी आहे, तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. एकाखाली एक अशी भोकं आणि प्रत्येक भोकात बुचासारखा लाकडी गुटका. गुटका काढला की पाणी पाटात पडतं. काढणं सोपं असतं. पाण्याचा जोर चालू असताना तोच गुटका परत बसवणं कठीण, आणि ती विद्या मामाजींच्या हातात होती.

साकोलीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन मी या घरात आले, तेव्हा त्यांचा डबा घेऊन पाळीवर जाणं माझ्याकडे आलं. ते छातीभर पाण्यात उभे असायचे. वर येऊन पहिला घास घेतला की विचारायचे, "मीठ कॉलेजातच राहिलं का वं, बी.ए. बाई?" मीठ बरोबर असलं तरीही विचारायचे. आमच्या लग्नात ते मांडवात ओल्या धोतरानं आले होते, कारण त्या दिवशी देवकाबाईच्या पाण्याची पाळी होती. देवकाबाई एकटी बाई, तिची बांधी पाटाच्या अगदी टोकाला. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचलं नाही तर पाटकरी कायचा, असं ते व्याह्यांनाच सुनावून बसले.

यंदा दसऱ्याच्या आठ दिवस आधी मामाजी घरी जेवता जेवता बसल्या पाटावरच कलंडले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचे कपडे चुलबंद नदीत सोडायला नेले. गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवत नाहीत. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतःच्या हातानं गाठोडं बांधलं. गोठ्यातल्या खुंटीवरच्या चिंध्याही कोणीतरी त्यात कोंबल्या. मी मात्र एक धोतर गादीखाली सरकवलं. त्याला तलावाच्या गाळाचा आणि तंबाखूचा वास होता, तो मला सोडवेना.

त्यानंतर माझ्या जिवाला चैन पडेना. असं कापड घरातल्या माणसाला गेलेल्याच्या मागे ओढतं म्हणतात. मी शिकलेली आहे, मानत नाही. पण माझी लेक दामिनी नुसती शिंकली तरी माझी नजर त्या गादीकडे जायची.

पाचव्या दिवशी गावची माणसं आली. धान लोंबीवर आलेलं, पाऊस उघडलेला. सुतक आहे हे त्यांनाही कळत होतं, पण धान थांबणार नव्हतं. तलावात दोनच पाळ्यांचं पाणी होतं, अर्ध्या बांध्यांना आता आणि उरलेल्यांना बारा दिवसांनी. माझे यजमान कैलाश साकोलीला मोटारसायकलच्या दुकानात कामाला आहेत. त्यांनी वडिलांना हजारदा पाहिलं होतं, हात कधी लावला नव्हता. सकाळी त्यांनी वरचा गुटका काढला. पाणी नीट गेलं, सगळ्यांना बरं वाटलं.

दुपार कलली, पहिली पाळी भरली आणि गुटका परत बसेना. बसवला की पाणी तो उडवून लावायचं. मामाजींचे सोबती बाबुलाल काका धापा टाकत आमच्या अंगणात आले.

"धनीरामच्या चिंध्या कोठे आहेत? गुटक्याले गुंडाळाच्या?"

तेव्हा सगळ्यांना कळलं. त्या चिंध्या नदीत गेल्या होत्या.

माणसं धावली. टॉवेल गुंडाळून पाहिला, साडी पाहिली, युरियाच्या पोत्याची पट्टीही पाहिली. सगळं सटकत होतं. काका म्हणाले, जुनं सुती धोतर पाहिजे, धुऊन धुऊन जीव गेलेलं. तेच पाण्यात फुगते आणि भोक धरते. घरोघरी विचारलं, फोन लावले. पण आता धोतर नेसतं कोण? गावभर टेरिकॉटच्या पँटी.

देवकाबाई येऊन ओसरीवर बसली. तिचा नंबर दुसऱ्या पाळीच्या शेवटी होता.

आमच्या अंगणात तुडुमाचा आवाज येतो. मी चुलीजवळ उभी राहून तो ऐकत होते. मी जितका वेळ गप्प होते, तितकं देवकाबाईचं पाणी नाल्यात चाललं होतं. बोलले असते तर चार लोकांसमोर कळलं असतं की तिसऱ्याच्या दिवशी सुनेनं काय केलं.

शेवटी गादी उचलली आणि धोतर आणून आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"मी ठेवलं होतं."

त्यांनी धोतरावरून एकदा हात फिरवला. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"काठ फुगत नाही," त्या म्हणाल्या. "काठ पहिले काढत जायचे ते. आण, मीच फाडतो."

त्यांनी दातानं सुरुवात करून काठ सरसर वेगळा केला, कमरेला खोचला आणि उरलेलं धोतर शोधत घरी आलेल्या कैलाशच्या अंगावर टाकलं. "जाय गा. उभा काहून आहेस?"

मीही पाळीवर गेले. काका आणि कैलाश पाण्यात उतरले. दोनदा गुटका उडाला. तिसऱ्यांदा बसला आणि आवाज उतरत उतरत बोटाएवढी धार राहिली. काका म्हणाले, तेवढी धनीरामही सोडत असे, मासोळ्यांसाठी. खरंच सोडत असत, की आम्हाला धीर यावा म्हणून काका बोलले, मला माहीत नाही. बारा दिवसांनी देवकाबाईची बांधी भिजली. तिच्या बांधीच्या धुऱ्यापर्यंत मी स्वतः चालत गेले आणि पाणी पोहोचलेलं पाहूनच परतले.

तेरवी झाल्यावर आत्याबाईंनी कैलाशकडून साकोलीहून दोन सुती धोतरं आणवली आणि त्यातलं एक त्यांनाच नेसायला लावलं. कामावरून आले की पँट उतरवायची, धोतर नेसायचं. मित्र चिडवतात, "काय पाटकरी, लग्नाले निघाले का?" कोरं धोतर मऊ व्हायला दोन दसरे लागतात, असा आत्याबाईंचा हिशेब आहे.

तोवर जुन्या चिंधीवरच भागवायचं आहे. गुटका निघाला की ती मी स्वतः धुते आणि गोठ्यातल्या त्याच खुंटीवर वाळत घालते. घालण्याआधी उजेडात धरून पाहते. परवा मधोमध सूत थोडं विरळ दिसलं. अजून कोणाला सांगितलेलं नाही. कैलाशचं धोतर मात्र मी आता रोज धुते.