ओलं बॅटन

आमच्या वहिनींचा राग मास्कमध्ये मावत नसे. साथीमुळे केस कापायचं त्यांचं दुकान बंद पडलं होतं आणि घरी बसून त्या भिंतींशीसुद्धा भांडायला लागल्या होत्या. शाळकरी मुलामुलींच्या मैदानी स्पर्धेला स्वयंसेवक हवेत असं कळल्यावर दादाने हात जोडून त्यांना पाठवलं. सोबत मी, त्यांचा धाकटा दीर. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तेवढाच हातभार.

माझं काम मुलांना खडूच्या गोलांत लांब लांब उभं करायचं. वहिनींकडे रिलेची बॅटन्स होती. हा दांडा चौघांच्या हातांतून फिरतो, म्हणून प्रत्येक फेरीआधी तो पुसून पूर्ण वाळवायचा असा नियम होता. वहिनी ती दुकानातल्या कंगव्यांसारखी टॉवेलवर ओळीने मांडत आणि कुणी बोट लावलं की खेकसत.

मुलींची पात्रता फेरी सुरू होणार तेवढ्यात स्पर्धेचे सचिव फोटोग्राफरला घेऊन आले. हातात जंतुनाशक जेलची बाटली, बाटलीवर त्यांचाच हसरा फोटो.

"ताई, हे बॅटनला लावा जरा. फोटो काढू."

"पुसून झालीत ती. आत्ता लावलंत तर ओली राहतील, हातातून सटकतील."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत नाट लावायचीच सवय दिसते," म्हणत त्यांनी शेवटचं बॅटन उचललं, त्यावर भसाभसा जेल ओतलं आणि कॅमेऱ्याकडे बघून दात काढले. वहिनी टॉवेल घेऊन धावल्या, पण शिट्टी झाली होती. बॅटन पहिल्या मुलीच्या हातात गेलं होतं.

दुसरीला देताना ते सुळकन निसटलं. तिच्या बोटांना लागून गवतावर गेलं. बाकीचे संघ पुढे निघून गेले. त्या पोरीचे प्रशिक्षक सगळ्यांसमोर ओरडले, "हात आहेत की काय आहेत? तिघींचं वर्ष वाया घालवलंस!" ती स्वतःच्या तळव्यांकडे बघत रडत होती. मास्क नाकाला चिकटला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

वहिनी तडक मुख्य पंचांकडे गेल्या. मीही मागोमाग. पंच म्हणाले, "आयोजकांची चूक असेल तर संघाला घड्याळ लावून पुन्हा एकटं धावू देतो, वेळ बसली तर पुढे. मुलीची असेल तर संघ बाद. चूक कोणाची?"

"मी कुठे हात लावला?" सचिव म्हणाले. फोटोग्राफर खाली मान घालून कॅमेरा पुसत राहिला. मी म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिलंय. "हे यांचे दीर," सचिव पंचांना म्हणाले. मग वहिनींकडे वळून हळूच, "स्वयंसेविकेचा हलगर्जीपणा म्हणून जाहीर करू. चालत असेल तर बघा, नाहीतर विषय संपला."

चोराच्या उलट्या बोंबा! मला वाटलं, वहिनी आता याच्या टाळूवर ती बाटली रिकामी करणार. त्यांच्या मुठी वळलेल्या होत्या. त्यांनी एकदा त्या मुलीकडे पाहिलं.

"करा जाहीर," त्या म्हणाल्या. "मोठ्याने करा. तिला ऐकू गेलं पाहिजे."

लाऊडस्पीकरवरून झालं सगळं, सगळ्या मैदानाला दोनदा ऐकवून. वहिनींचं ओळखपत्र काढून घेतलं. कुंपणाबाहेर उभं राहून आम्ही त्या चौघींना एकट्या धावताना पाहिलं. या वेळी बॅटन हातात नीट बसलं. त्या अंतिम फेरीत गेल्या.

थोड्या वेळाने ती मुलगी जाळीपाशी आली. डोळे अजून लाल होते, पण मान ताठ.

"काकू, तुमच्यामुळे सर मला सगळ्यांसमोर बोलले," ती म्हणाली. "नीट काम करता येत नाही तर येता कशाला?"

रागाने माझे कान तापले. मी तोंड उघडलं, तर वहिनींनी माझं मनगट असं दाबलं की नखं रुतली.

"चुकलं गं माझं," त्या तिला म्हणाल्या. "जा, पळ."

ती गेली. मी भडकलोच. "वहिनी, निदान तिला तरी खरं सांगायचं होतं!"

"गप्प बसा, भावजी," त्या दातओठ खात म्हणाल्या. "मघापासून पहिल्यांदा ती स्वतःचे हात सोडून दुसऱ्या कुणावर तरी चिडली आहे."