चौघांचं वजन पंचाहत्तर

चारही फॉर्मवर वजन पंचाहत्तर किलो होतं. उंची पाच फूट आठ. बुटाचा नंबर बेचाळीस. स्कीइंग लेव्हल: एक्स्पर्ट. 'हिमनदीच्या भेगेतून कुणाला बाहेर काढण्याचा अनुभव' या प्रश्नापुढे चौघांनीही 'एन.ए.' लिहिलं होतं, आणि तेही एकाच हस्ताक्षरात.

मी दुबईतल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत ऑपरेशन्स बघते. बर्फातल्या टूर्स माझ्याकडे असतात. मी स्वतः स्की करत नाही, सांगलीच्या मुलीला ते कोण शिकवणार. बर्फाशी माझा संबंध कागदापुरता, म्हणून निदान कागद तरी मी नीट वाचते.

फॉर्म खानोलकरांचे होते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये या दोन भावांची मसाल्याची फॅक्टरी आहे. धाकटा नितीन सेहेचाळीस वर्षांचा, दर वर्षी कुठे ना कुठे स्कीला जाणारा. थोरले अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांना अख्खी फॅक्टरी दादा म्हणते. हे दोघे आणि नितीनचे दोन मित्र एप्रिलमध्ये आल्प्समध्ये हट-टू-हट टूरला निघाले होते.

हे प्रकरण रिसॉर्टसारखं नसतं. रिसॉर्टमध्ये लिफ्ट वर नेते आणि आपण घसरत खाली येतो. इथे लिफ्ट नाही. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवायची, तिच्यामुळे स्की मागे घसरत नाही, आणि चार-पाच तास चढायचं. वर पोचलं की पट्टी काढायची आणि पलीकडे उतरायचं. मुक्काम डोंगरातल्या हटमध्ये, एका खोलीत दहा-बारा गाद्या. दुसऱ्या दिवशी पुढचा हट. वाटेत हिमनदी लागते. तिच्या भेगा वरून बर्फाने झाकलेल्या असतात, दिसत नाहीत. म्हणून गाइड सगळ्यांना एका दोराला बांधतो. एक भेगेत गेला तर बाकीच्यांनी त्याला पेलायचं.

दुसरी गोष्ट, बाइंडिंग. बूट स्कीला ज्यात अडकवतात तो खटका. पडल्यावर तो सुटला पाहिजे, नाहीतर पाय मोडतो. किती जोर आल्यावर सुटायचं हे वजन, उंची, वय बघून ठरवतात. म्हणजे फॉर्मवरचे आकडे शोभेचे नसतात.

"हट मिळतायत ना? मग यल्ला, कन्फर्म करून टाका," आमचे बॉस सामंत म्हणाले.

"सर, चौघांचं वजन एकच आहे."

"पीआरओने भरले असतील. इथे कोण स्वतः फॉर्म भरतं?"

त्यात खोटं काही नव्हतं. इकडे व्हिसापासून गाडीच्या लायसन्सपर्यंत कंपनीचे सगळे कागद पीआरओ करतो. मालक फक्त सही करतो. मी खानोलकरांच्या पीआरओला, मोइदूभाईंना, फोन लावला.

"मॅडम, सब सेम सेम डाला," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "डिफरंट डालेगा तो रिजेक्ट होता है."

दोन्ही मित्रांनी आपापले खरे आकडे व्हॉट्सॲपवर पाठवले. भावांसाठी मी फॅक्टरीत गेले. मिरचीची पोती मोजायच्या काट्यावर दोघांना उभं केलं. नितीन बहात्तर किलो. दादा चौऱ्याण्णव.

"दादा, स्कीइंग कुठे केलंत?"

"मॉलमध्ये. तिथे आत बर्फ आहे ना, तिथे. सात-आठ वेळा."

"स्की लावून चढलायत कधी?"

"चढायचं कशाला? लिफ्ट आहे की."

नितीन खाली मान घालून मोबाइल बघत होता. मी निघाले तसा पार्किंगपर्यंत आला.

"मॅडम, एक रिक्वेस्ट. दादाला हे जमणार नाही, मला माहितीय. तुम्ही कंपनी पॉलिसी म्हणून रिजेक्ट करा ना."

"तुम्ही का नाही सांगत?"

"मी दादाला नाही कसं म्हणू? मला इथे आणलं त्याने. अ‍ॅक्च्युअली मी नुसतं 'चल' म्हटलं होतं, म्हणायची पद्धत म्हणून. तो एकदम हो म्हणाला."

"आणि फॉर्म माझ्या नजरेतून सुटला असता तर?"

"गाइड असतो ना."

माझं डोकं फिरलं. गाइड काही ड्रायव्हर नसतो, मागच्या सीटवर बसलात की नेऊन सोडायला. चौऱ्याण्णव किलोचा न शिकलेला माणूस दोरावर असेल तर तो गाइडसकट सगळ्यांना घेऊन भेगेत जाऊ शकतो. हे मी नितीनला जवळपास याच शब्दांत सांगितलं. पण पॉलिसीचा बुरखा घालायला नकार दिला. दादांना खरं कारण कळायला हवं होतं, नाहीतर ते पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे गेले असते.

दुसऱ्या दिवशी दादांना ऑफिसला बोलावून मीच ते सांगितलं. ते रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मॅडम, मला कुठे जायचंय? मला एसीची थंडीसुद्धा सोसत नाही. पण हा दर वर्षी एकटा जातो. गेल्या वर्षी दोन दिवस फोन नव्हता. घरातलं कुणीतरी बरोबर असलेलं बरं, एवढंच."

"हे नितीनला बोललात?"

"त्याने एवढ्या हौसेने 'चल' म्हटलं. मोडता कसा घालायचा?"

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. जायचं नसताना निघालेला एक, न्यायचं नसताना नेणारा दुसरा, आणि दोघे एका दोरावर.

मग प्लॅन पुन्हा बसवला. वर तिघेच जाणार. प्रत्येक हटपासून दरीत उतरायची एक पळवाट नकाशावर नक्की केली. वाईट हवेसाठी एक दिवस राखून ठेवला. शिवाय अशा टूरला खाली एक माणूस लागतो. त्याच्याकडे रोजचा रस्ता, हटचे फोन आणि एक ठरलेली वेळ असते. तीनपर्यंत मेसेज यायला हवा. सहापर्यंत नाही आला तर आधी हटला फोन, मग गाइडला, मग रेस्क्यूला. सहाच्या आधी काहीही करायचं नाही, कारण उगाच उडवलेलं हेलिकॉप्टर दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं असतं. एरवी हे काम मी अल मजाजमधल्या माझ्या घरी बसून करते. या वेळी पायथ्याच्या गावातल्या लॉजमध्ये दादांना बसवलं.

तिसऱ्या दिवशी तिथल्या घड्याळाप्रमाणे चार वाजता दादांचा फोन आला.

"मॅडम, मेसेज नाही. रेस्क्यूला लावू?"

"सहा वाजले?"

"नाही."

"मग नाही."

पाचला पुन्हा. "माझा भाऊ आहे हो तो."

"म्हणूनच वेळ आधी ठरवली, दादा." आवाज शक्य तितका कोरडा ठेवून मी बोलले. फोन ठेवल्यावर मात्र मला खुर्चीत बसवेना.

सहाला दादांनी हटला फोन केला. हटवाल्याने सांगितलं, गाइडचा सकाळीच रेडिओवर निरोप आलाय. गरम वारा सुटलाय, वरचा बर्फ सैल झालाय, खिंड ओलांडणार नाही, पळवाटेने शेजारच्या दरीत उतरतोय. त्या दरीत नेटवर्क नव्हतं. अख्खी दरी उतरून रस्त्याला लागल्यावर साडेसहाला नितीनने एका पेट्रोल पंपावरून दादांना फोन केला.

दोन दिवसांनी गाइडचा रिपोर्ट आला. पळवाटेच्या डोक्यावरचा उतार दुपारी एकच्या सुमारास कोसळला. आमचे तिघे त्याच्याखालून अकराला गेले होते. पहिल्या दोन दिवसांत ते किती वेगाने चढले तेही रिपोर्टमध्ये होतं. त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे दादांच्या अंदाजे वेगाने, मी तो दिवस कागदावर पुन्हा मांडला. एक वाजता चौघे बरोबर त्या उताराखाली येत होते. तो कागद मी नितीनला दाखवला. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला आणि गेला.

तेव्हापासून आमचा फॉर्म ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने भरायचा असतो, आणि त्यात पहिला प्रश्न असा आहे: 'तुम्हाला स्वतःला जायचं आहे का?' असा प्रश्न कुठल्याच कंपनीच्या फॉर्मवर नसतो, असं सामंतांचं म्हणणं. नसेल. ज्यांचा रकाना रिकामा येतो त्यांना मी आधी फोन करते.

यंदा खानोलकरांकडून पुन्हा फॉर्म आले. दादांच्या फॉर्मवर पहिल्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलंय. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: 'गावात थांबायला येतो. हे नितीनला मी स्वतः सांगितलं आहे.'