कॉम्प्युटरचं भारनियमन

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला आणखी मेमरी हवी की नको, हे ठरवायला मी सगळा उन्हाळा घालवला. त्या उन्हाळ्यात मी स्वतःला फार उपयोगी माणूस समजत होतो.

कॉम्प्युटर मुलीचा. ती नोकरीसाठी बंगळूरला गेली, तिथे तिला लॅपटॉप मिळाला आणि हा जुना डबा आमच्या मानकापूरच्या घरी टेबलावर राहून गेला. त्याच सुमारास मी रिटायर झालो. माझी सगळी नोकरी खापरखेड्याला, पॉवर हाउसच्या कंट्रोल रूममध्ये गेली. समोर भिंतभर मीटर आणि त्यांच्याकडे बघत बसायचा पगार. लोकांना वाटतं हे सोपं काम आहे. बरेचदा सोपंच असायचं, पण मला ते मनापासून आवडायचं. रिटायर झाल्यावर बघण्यासारखा एकच मीटर उरला, पाण्याचा, आणि तोही बंद पडलेला होता.

त्यामुळे कॉम्प्युटर अडकायला लागला आणि मुलीने फोनवर मला टास्क मॅनेजर नावाचं पान उघडायला शिकवलं, तेव्हा मला जिवात जीव आल्यासारखं झालं. टक्के, आलेख, वरखाली होणारी रेघ. मेमरीच्या पुढे ब्याण्णव टक्के लिहिलेलं होतं. मुलगी म्हणाली, मेमरी कमी पडते आहे बाबा, आणखी एक पट्टी टाकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. मी तिला समजावलं की ब्याण्णव टक्क्यांवर चालणं ही मशीनसाठी अभिमानाची गोष्ट असते. आमच्या युनिटने एवढा लोड घेतला की साहेब पेढे मागवायचे. अर्धी मशीन रिकामी ठेवून काय तिची पूजा करायची? मुलगी "बरं" म्हणाली. ती आईवर गेली आहे. पटलं नाही की दोघीही बरं म्हणतात.

तिची आई पूर्वी कॉलनीतल्या बालवाडीत शिकवायची. आता दर रविवारी सकाळी ती याच कॉम्प्युटरवर नात्यातल्या पोरांना मराठी वाचायला शिकवते. कुणी हैदराबादला, कुणी दुबईला, कुणी त्याहून लांब. बोलता सगळ्यांना येतं, पण मराठी पुस्तक समोर धरलं की इंग्रजीत रडतात. आठवडाभर ती गोष्टींची चित्रं जमवते, रविवारी लवकर आंघोळ करून ठेवणीतली साडी नेसते आणि खुर्चीत अशी बसते की मला उगाच उभं राहावंसं वाटतं. अडचण एवढीच होती की वर्ग सुरू झाला की रेघ चढायची आणि कॉम्प्युटर थिजायचा. "ळ" म्हणताना बायको तोंड उघडं ठेवून पडद्यावर अडकायची आणि पलीकडची पोरं एकमेकांना सांगायची की आजीचा पुतळा झाला. दोनतीन पोरं कंटाळून यायची बंदही झाली.

मागणी वाढली तर काय करायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी भारनियमनाचं वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर चिकटवलं. कधीही बंद करायची नाही अशी अत्यावश्यक सेवा कोणती, तर माझ्या बातम्या, माझं बुद्धिबळ आणि पॉवर हाउसला पाणी देणाऱ्या धरणात किती साठा आहे ते दाखवणारं एक पान. त्या पाण्याशी आता माझा काडीचा संबंध नव्हता. शिवाय मेमरी मोजणारे आणखी दोन प्रोग्राम, कारण एकाच मीटरवर विसंबून राहायचं नाही ही आमची शिस्त. त्या मीटरांनाच किती मेमरी लागते हे मोजायचं काही मला सुचलं नाही. सगळ्यात खाली, गरज पडल्यास बंद होऊ शकेल अशा गोष्टींत, रविवारचा वर्ग. बायकोने उभ्या उभ्या वाचलं आणि बरं म्हणाली.

रविवारी मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागलो. ती शिकवायची आणि माउस माझ्या हातात. रेघ वर गेली की मी तिचं एकेक चित्र बंद करायचो. हत्तीची गोष्ट पोरांनी हत्तीशिवाय ऐकली.

इथे सासुरवाडीचं सांगणं भाग आहे. बायकोचं माहेर नरखेड तालुक्यातलं. संत्र्याची बाग, विहीर, विहिरीवर मोटर. मोटरीला लाइन, म्हणजे वीज, मिळायची ती बहुधा रात्री, आणि तीही आपल्या मर्जीने यायची जायची. त्यात जावई मिळाला पॉवर हाउसमधला. लग्नाच्या पंगतीपासून मला तिथे एकच प्रश्न विचारला गेला आहे, की आमची लाइन काहून जाते. माझं उत्तरही एकच, की आम्ही फक्त वीज बनवतो, बंद करणारे दुसरे. उत्तर शंभर टक्के खरं होतं. या एका वाक्यावर मी इतकी वर्षं तिथले रोडगे आणि वांग्याची भाजी चापून खाल्ली.

तर एका रविवारी दुबईची पोर, बायकोच्या भाचीची मुलगी, पहिल्यांदा अख्खं पान वाचून दाखवणार होती. तिचे आईबाप दोन्ही बाजूंना बसले होते. पोर एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होती, अडत होती, परत वाचत होती. बायकोचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. अर्धं पान झालं आणि रेघ अठ्ठ्याण्णववर गेली. कंट्रोल रूमवाला माणूस अशा वेळी विचार करत नाही, त्याचा हात चालतो. सगळ्यात मोठा भार कोणता ते मी पाहिलं आणि तोडला. तो वर्ग होता. पोर गेली, आईबाप गेले आणि मागे माझा बुद्धिबळाचा पट दिसायला लागला, ज्यात मी हरत होतो. रेघ झरकन खाली आली. मी समाधानाने मान डोलावली, हे सांगायला लाज वाटते, पण डोलावली.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला.

"माहेरी बाबा अन् मी लाइनची वाट पाहत बागेत बसत होतो," ती म्हणाली. "मोटर सुरू झाली, अर्ध्या झाडाईले पाणी लागलं, की गेली लाइन. तुम्ही म्हणत होते, आम्ही बनवतो, बंद करणारे दुसरे. मी मानलं. आता या घरात बंद करणारं कोण आहे, सांगा मले."

मला फार वाईट वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे खरं कारण कळलं. मेमरी वाढली असती तर रेघ खाली आली असती, आणि रेघ खाली आली असती तर माझी ड्युटी संपली असती. घरात आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं आहे असं वाटावं म्हणून मी त्या डब्याला आजारी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी डबा स्कूटरवर पायांत घेऊन बर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो आणि पट्टी बसवून आणली. मुलगी म्हणाली होती तसं अर्ध्या तासात झालं, त्यातला बराचसा वेळ धूळ झटकण्यात गेला. घरी येऊन वेळापत्रक काढलं, तर त्याच्याबरोबर फ्रिजचा रंगही निघाला. तो डाग अजून आहे.

पुढच्या रविवारी मी व्हरांड्यात बसलो. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून बसलो. पोरीने मधून वाचायला साफ नकार दिला आणि पान पहिल्यापासून सुरू केलं. मी जिथे तोडलं होतं ती ओळ आली तेव्हा माझा हात नसलेल्या माउसवर गेला. पोर पुढे वाचत गेली. शेवटचा शब्द झाला, पलीकडे टाळ्या वाजल्या, आणि बायको काहीतरी म्हणाली ते त्या टाळ्यांत मला नीट ऐकू आलं नाही. रेघ तेव्हा किती होती ते मी पाहिलं नाही. त्यासाठी मला काय कष्ट पडले ते कंट्रोल रूमवाल्यालाच कळेल.

संध्याकाळी नरखेडकडून मेहुण्याचा फोन आला. बातमी तिथवर पोचली होती.

"जवाई, तुमच्या घरी लाइन चोवीस तास झाली म्हणते ताई," तो हसत म्हणाला. "आता आमच्या विहिरीचंही पाहा ना जी."

माझं नेहमीचं वाक्य जिभेवर तयार होतं. समोर बायको मेथी निवडत होती. तिने वर पाहिलं नाही, पण तिचे हात थांबले होते.

"तिकडची लाइन माझ्या हातात नाही," मी म्हणालो. "माझ्या हातात होती तेवढी सुरू केली."

बायकोने पुढची जुडी सोडली आणि अर्धी माझ्यासमोर ठेवली.