ऑटोकाकांचे अठ्ठ्याऐंशी टोले

सकाळी नऊला एल्साकाकूंचा फोन आला. “ऑटो गेला. सूर्य मावळायच्या आत ये.” एवढंच. “निघतोच,” म्हणालो आणि फोन मीटिंगच्या टेबलावर पालथा ठेवला...

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडहून दोन तासांवर, ऑटोकाका आणि एल्साकाकू या नवरा-बायकोच्या गावाशेजारी आम्ही शनिवार-रविवारसाठी जमीन घेतली, तेव्हापासूनची ही ओळख. ऑटोकाकांचे पणजोबा जर्मनीहून आलेल्या पहिल्या सात कुटुंबांतले. त्यांनी झाडी तोडून शेतं केली, चर्च बांधलं, वर घंटा चढवली. पुढे शाळा बंद पडली, कापसाची जिनिंग मिल बंद पडली, मुलं ह्यूस्टनला गेली. रविवारी चर्चमध्ये नऊ माणसं उरली. एक रीत मात्र टिकली. कुणी गेलं, की त्याच दिवशी त्याच्या वयाइतके टोले. शेतातली माणसं ट्रॅक्टर बंद करून मोजतात आणि आकड्यावरून ओळखतात, कोण गेलं. चाळीस वर्षं ते टोले ऑटोकाकांनी दिले. गुडघे गेल्यावर त्यांनी मला शिकवलं. “ओढू नकोस रे, इंजिनिअर! दोर परत येऊ दे. घाई तुझ्या ऑफिसात.” मग हातमोजा काढत म्हणाले, “माझे टोले तू दे. बाकीचे म्हातारे मोजता मोजता झोपतील.” मी शब्द दिला. माझी मुलगी शेजारीच उभी होती.

त्या दिवशी प्रेझेंटेशन अकराला संपलं. निघता आलं असतं. पण साहेबांनी कौतुक केलं, जेवायला थांबवलं, आणि मी थांबलो. मग आणखी थांबलो... चारला मुलीचा फोन. “बाबा, यू प्रॉमिस्ड! काकूंचा फोन आला होता, त्या दुसऱ्या कुणाला दोराला हात लावू देत नाहीयेत.”

वाटभर सूर्य समोरच्या काचेत उतरत होता. पोचलो तेव्हा अंधारलं होतं. काकू पोर्चवर, चर्चकडे तोंड करून बसलेल्या. मी दोराकडे धावलो.

“आता नको. अंधारात घंटा वाजली, की लोक आग लागली समजून धावत येतात.”

“ट्रॅफिक होता,” मी म्हणालो.

ट्रॅफिक नव्हता. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अठ्ठ्याऐंशी टोले दिले. रस्त्यापलीकडचा ट्रॅक्टर थांबला नाही. बातमी सगळ्यांना फोनवर कळून गेली होती. मोजायला काकू एकट्याच.

बाहेर आलो, तर त्यांनी ऑटोकाकांचा हातमोजा माझ्या हातात ठेवला. “मी शहाऐंशीची आहे. माझ्या वेळी लवकर निघ.”

तो हातमोजा गाडीत पुढच्या सीटवर असतो. फोन मी आता पालथा ठेवत नाही. वाजला, की उचलण्याआधी खिडकीबाहेर सूर्य कुठवर आलाय, ते बघतो.