पाचवीचं नाव

शहाद्याला गोमाईच्या काठी तंबूत जपानचा एक मुका सिनेमा आला होता. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे होतं. एक माणूस पाच बायकांना एकेक करून मारतो, एवढीच गोष्ट. मधेमधे येणाऱ्या पाट्यांवरची जपानी अक्षरं कुणाला येतात! मी त्या बायकांना आपल्याकडचीच नावं द्यायचो, रोज नवी. खून झाला की लोक खुन्याला शिव्या घालत आणि पुन्हा शेंगा फोडत. आठव्या दिवशी माझा घसा पार बसला. पाचवीला नाव न देताच मी तिला मरू दिलं.

खेळ सुटल्यावर पाय धुवायला नदीवर गेलो, तर पुढच्या रांगेतला एक म्हातारा धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात उभा. पागोटं काठावर नीट ठेवलेलं.

“बाबा, काय करी ऱ्हायनात?”

“मयत दखी उनू, भाऊ. आंग धोयाबिगर घरमा कसा जाऊ?”

मग हिरा, जमना, सखू, गोदा अशी मीच ठेवलेली नावं घेत त्यानं चार ओंजळी पाणी सोडलं. पाचवी भरून माझ्याकडे वळला.

“पाचवीनं नाव काय व्हतं?”

त्याच्या बोटांतून पाणी गळत होतं आणि मला एकही नाव सुचत नव्हतं.