आडवा पायजमा

धावपट्टीच्या कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारी लांब कापडी पिशवी असते. आमच्या गावात तिला सगळे पायजमा म्हणतात. आज तो पट्टीशी काटकोनात, ताठ आडवा उडत होता.

सहा आठवड्यांपूर्वीही तो असाच होता. त्या दिवशी आमच्या सईचं शिकाऊ विमान उडण्याआधीच, अकराव्या सेकंदाला, वारा येत होता त्या बाजूला वळलं आणि पट्टी सोडून गवतात घुसलं. एक पंख घासला. सईला खरचटलंही नाही, पण आडव्या वाऱ्यात ती पुन्हा उडाली नव्हती.

"वारा पडेपर्यंत थांब की," बायको म्हणाली.

"मग वारा पडल्यावरचीच वैमानिक होईन मी, आई," म्हणत सई विमानाकडे गेली.

विमान धावू लागताच कुंपणापाशी मी सेकंद मोजू लागलो. अकरा झाले. विमान सरळ धावत होतं. तेराव्याला उजवं चाक उचललं, डावं मात्र जमिनीवरच.

"अहो, वाकडं झालं!" बायकोने माझं मनगट धरलं.

"झालं नाही, तिने केलंय," मी म्हणालो.

वारा डावीकडून आला की डावा पंख त्याच्याकडे झुकता धरायचा, हे सईनेच मला जेवताना उलथन्याने दाखवलं होतं. विमान गवतात घुसलं त्या दिवशी तिने पंख सपाट धरले होते. मीही आयुष्यभर सरळ म्हणजे ताठ असंच समजत आलो. सरळ जाण्यासाठी वाऱ्याच्याच अंगाला झुकावं लागतं, हे मला या वयात कळलं.

पंधराव्या सेकंदाला डावं चाकही जमिनीवरून उचललं. बायकोने माझं मनगट सोडलं आणि टाळ्या वाजवल्या. पायजमा अजून तसाच ताठ आडवा होता.