कोबीचा भात आणि निळी नळी

सासऱ्यांच्या लघवीचा रंग सांभाळण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती.

काम मी मागून घेतलं होतं, हे आधीच कबूल करते. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता आणि आम्ही धुळ्याला राहत होतो. मी मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायचे. हे कचेरीत नोकरीला होते. आणि आबा, म्हणजे माझे सासरे, एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झाले होते. त्यांच्या पायाला ठेच लागली, ती महिना झाला तरी भरेना, म्हणून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, "साखर आहे" म्हणाले, गोळी सुरू केली आणि काय काय बंद करायचं त्याचा कागद लिहून दिला. भात, बटाटा, साखर, गूळ, साबुदाणा, केळी, गव्हाच्या बट्ट्या.

आबांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. "मंग उरनं काय?" त्यांनी विचारलं.

"कागद," माझ्या सासूबाई म्हणाल्या. (त्यांना सगळे अक्का म्हणायचे. कमी बोलायच्या, पण बोलल्या की समोरच्याला पुढचं वाक्य सुचायचं नाही.)

डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला लघवी तपासून घ्या. मी म्हटलं, "त्यासाठी इथवर कशाला यायचं? मी घरीच करते." परीक्षा अगदी सोपी असते. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी तापवायची. साखर नसेल तर निळा रंग तसाच राहतो. असेल तर हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि फारच असेल तर विटेसारखा लाल. नववीच्या मुलींना मी हे दर वर्षी ग्लुकोजच्या पाण्यावर करून दाखवायचे. खरा माणूस हाती लागण्याची ही पहिलीच वेळ होती.

घरी आल्यावर चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आबा, दर रविवारी सकाळी या बाटलीत मला सँपल द्यायचं." आबांनी बाटलीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, रविवार मोजताहेत.

आता राहिला स्वयंपाक. आबांचं सगळं सुख वरण-बट्टीत होतं. गव्हाच्या जाड पिठाची बट्टी वाफवून, चिरून, तुपात तळून वरणात कुस्करायची, आणि वर पुन्हा तूप. हे सगळं बंद केलं तर माणूस जगेल, पण कशासाठी? तेव्हा मी ठरवलं की पदार्थ तेच ठेवायचे, फक्त आतला माल बदलायचा. या कामी मला साथ मिळाली ती शेजारच्या शमीमभाभींची. त्यांच्या सासूलाही साखर होती. दोन घरांत एक छातीएवढी भिंत होती. तिच्यावर वही ठेवून आम्ही रोज संध्याकाळी कृतींची देवाणघेवाण करायचो.

"टीचर, खीर हवीच असेल ना, तर दुधी किस. दुधात आटव. तांदूळ नको, शेवया नको."

"आणि साखर?"

"त्या बारीक गोळ्या मिळतात ना, गोड. एकच टाक. खाली उतरवल्यावर."

मी त्यांना सोयाबीनच्या पिठाच्या बट्टीची कृती दिली. ती मी स्वतः कधी करून पाहिली नव्हती, पण पुष्कळ विचार करून लिहिली होती.

पहिली बट्टी मी रविवारी केली. सोयाबीनचं पीठ, थोडं चण्याचं, मेथी, ओवा. वाफवली. चिरायला घेतली तर सुरी घसरली आणि बट्टी फरशीवरून टणटणत मोरीपर्यंत गेली. आबा पाटावर बसले होते. त्यांनी तिचा सगळा प्रवास पाहिला.

"सूनबाई, हाई काय शे?"

"बट्टी, आबा."

"बरं," ते म्हणाले, आणि वरणात ती अर्धा तास भिजत ठेवून, पेपर वाचून झाल्यावर खाल्ली. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, आवडली.

त्यानंतर मी थांबलेच नाही. कोबी बारीक किसून वाफवला आणि भात म्हणून वाढला. बटाट्याच्या जागी मुळा घातला. (मुळ्याचा वडा ज्यांनी खाल्ला नाही त्यांनी खाऊ नये.) होळीला पुरण केलं ते दुधीचं, आणि गोड गोळ्या एकीच्या जागी बारा घातल्या, कारण माणसं जास्त होती. ते पुरण इतकं गोड झालं की कडू लागलं. आबांनी तेही खाल्लं. भाभींच्या सासूने मात्र माझी बट्टी भिंतीवरून परत पाठवली. "अम्मी म्हणतात, दात टीचरने भरून द्यावेत," भाभींनी निरोप दिला.

इकडे अक्का नेहमीच्या सवयीने चार माणसांचाच स्वयंपाक करायच्या. भात, बट्ट्या, बटाट्याची भाजी, सगळं मापात. मग आबांच्या वाट्याचं उरायचं. अन्न टाकायचं नाही, अशी घरची शिस्त. मी ते यांच्या ताटात वाढायचे. आबांच्या बट्ट्या, आबांचा भात, आबांची दोन केळी. हे तसे गरीब स्वभावाचे. समोर आलं की खायचे.

आणि रविवारची नळी? निळी. पुढच्या रविवारी निळी. महिनाभर निळी. मी स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लावला आणि दर रविवारी एक चौकोन निळ्या खडूने रंगवू लागले. गल्लीतल्या बायका तक्ता पाहायला येऊन वहीतून कृती उतरवून घेऊ लागल्या. शाळेत सायन्सच्या तासाला मी सासऱ्यांचं उदाहरण देऊ लागले. त्यात जळगावच्या माझ्या नणंदबाईंचं पत्र आलं. त्यांच्या महिला मंडळात माझं भाषण ठरलं होतं, 'मधुमेहींचा स्वयंपाक' यावर, आणि आबांनाही सोबत आणा म्हणून खास आग्रह होता. पुरावा म्हणून.

भाषणाला तीन आठवडे उरले असताना नळी लाल झाली.

हिरवी नाही, पिवळी नाही, एकदम विटेसारखी लाल. मी औषध बदलून पुन्हा केलं. पुन्हा लाल. आबांना विचारलं, "बाहेर काही खाल्लं?" आबा म्हणाले, "नई." मी यांच्याकडे पाहिलं. यांचा चेहरा पडला होता. मला वाटलं, बापाची काळजी.

डॉक्टर नेमके परगावी गेले होते. (ते असते तरी मी विचारलं असतं की नाही, कोण जाणे. महिनोन्‌महिने निळे चौकोन रंगवल्यावर माणसाला डॉक्टरची तेवढी गरज वाटत नाही.) मी स्वतःच्या अधिकारात आबांची रात्रीची भाकरी बंद केली, सकाळी कारल्याचा रस सुरू केला आणि गोळी अर्ध्याने वाढवली. पुढच्या रविवारी पुन्हा लाल. मी कोबीचा भातही अर्धा केला. आबा मुकाट्याने कारलं प्यायचे. एकदा हे म्हणाले, "अगं, एवढं नको करूस त्यांना."

"मग तुम्ही तपासा नळी," मी म्हटलं. हे ताटातली दुसरी बट्टी तशीच ठेवून उठले. मी ती त्यांना संध्याकाळी गरम करून दिली.

अक्कांनाही घेऊन जळगावला आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. आबांना एसटीत खिडकीची जागा मिळाली. पारोळ्याला सगळे चहा प्यायले, आबांनी बिनसाखरेचा घेतला. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "माले जरा गरगरस." मी म्हटलं, "गाडी लागली असेल."

मंडळाच्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास बायका होत्या. टेबलावर मी कोबीचा भात, मुळ्याचे वडे आणि सोयाबीनची बट्टी मांडली होती. आबांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. मी बोलायला उभी राहिले आणि सुरुवातीलाच सांगितलं, "जिभेवर ताबा असेल, तर औषधाचीही गरज उरत नाही. माझे सासरे तुमच्यासमोर बसले आहेत."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांच्या कपाळावरून घाम वाहत होता. हात थरथरत होते.

"आबा?" मी म्हटलं.

"कंट्रोल रूमले सांगा," आबा म्हणाले, "शिरपूर गाडी सोडू नका." आणि ते खुर्चीतच कलंडले.

हॉलमध्ये गलका झाला. मी धावत पोचले, तोवर अक्का माझ्याआधी पोचल्या होत्या. कोपऱ्यात पाहुण्यांना द्यायला केळीचा फणा ठेवला होता. (जळगावात कुठेही केळीचा फणा असतोच.) अक्कांनी एक केळं सोललं आणि आबांच्या तोंडात घातलं.

"अक्का, काय करताय? विष आहे ते त्यांना," मी ओरडले आणि केळं धरून ओढलं.

अक्कांनी आत ढकललं. मी बाहेर ओढलं. पन्नास बायका पाहत होत्या. शेवटी अर्धं केळं आबांच्या तोंडात राहिलं आणि अर्धं माझ्या मुठीत. तेवढ्यात मागून एक बाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्या डॉक्टर होत्या. त्यांनी आबांचा हात धरून पाहिला, गोळ्या कोणत्या, किती, जेवण किती, हे विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून आठवतं.

"साखर उतरलीये यांची. साखर-पाणी आणा. आणि तुम्ही जरा बाजूला व्हा."

मी बाजूला झाले. आबांना साखर-पाणी पाजलं. पाचएक मिनिटांत त्यांनी डोळे उघडले, समोर अक्कांना पाहिलं आणि विचारलं, "आखो शे का एक केळं?" अक्का तेव्हा पहिल्यांदा रडल्या. मी हॉलच्या बाहेर जाऊन पायरीवर बसले. मूठ उघडली तर त्यात अर्ध्या केळ्याचा लगदा होता. आबांना काही झालं असतं तर मी या माणसांना तोंड कसं दाखवलं असतं, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला आम्ही सगळे परगावाहून परतलेल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आबांचं रक्त तपासलं.

"साखर छान ताब्यात आहे. बरेच दिवस असणार," ते म्हणाले. "गोळी कमीच करायला हवी होती, तुम्ही वाढवलीत. का?"

"नळी लाल आली होती," मी म्हटलं.

"यांची? शक्य नाही."

आबा पंख्याकडे पाहू लागले. हे स्वतःच्या चपलांकडे पाहू लागले. मी एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं.

"आबा, सँपल तुमचंच होतं ना?"

आबांनी घसा साफ केला. "सूनबाईले कसं देऊ मी? लाज वाटस ना." मग हळूच यांच्याकडे बोट दाखवलं. "म्हणून मी त्याले सांगं, तू देत जा. तुनं मनं रक्त तं एकच शे."

पाच महिने. पाच महिने मी नवऱ्याची लघवी तापवून सासऱ्यांचं जेवण ठरवत होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी यांना विचारलं.

"आबांनी शपथ घातली होती," हे म्हणाले. "आणि लाल आलं तेव्हा वाटलं, तुझं औषध जुनं झालं असेल."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी यांची बाही वर करायला सांगितली. यांच्या रक्तात साखर भरपूर निघाली, वय वर्षं छत्तीस. डॉक्टरांनी खाणं विचारलं. दोन माणसांच्या बट्ट्या, दोन माणसांचा भात, चार केळी. "कोण वाढतं?" त्यांनी विचारलं. उत्तर द्यायला सगळ्यांना एकदम संकोच वाटला, म्हणून मीच हात वर केला. डॉक्टर म्हणाले, नुसत्या वाढण्याने हा रोग होत नाही, घराण्यात होताच, लवकर कळलं हे बरंच झालं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. घरी येताना रिक्षात यांनी माझा हात धरला. धुळ्यात तेव्हा असं कोणी करायचं नाही. मी सोडवला नाही.

पुढचं सगळं सरळ झालं. आबांनी कोबीचा भात शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांना तो खरंच आवडला होता, एवढी एक गोष्ट मला कधी पटली नाही. हेही हळूहळू त्याच ताटावर आले, आणि कृती शमीमभाभींच्या वहीतल्या वापरल्या, माझ्या नाहीत. तपासणी कुठे करायची, हे घरात कोणी मला विचारलं नाही.

वर्षभराने जळगावच्या मंडळाचं पत्र आलं. व्याख्यान होतं 'घरगुती प्रथमोपचार' यावर, आणि वक्त्या म्हणून बोलावलं होतं आमच्या अक्कांना. खाली नणंदबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "वहिनींनी सोबत यायला हरकत नाही. त्यांची मागच्या रांगेत सोय केली आहे."

मी गेले. मागच्या रांगेत बसले आणि अक्का सांगत होत्या ते सगळं वहीत उतरवून घेतलं.